तीन पेडांचा काटा

नगर जिल्ह्यातल्या खेड्यात कोंबड्या माना वाकड्या करून पडू लागल्या की म्हातारी माणसं म्हणतात, ‘मानमोडी आली.’ पशुवैद्यकाच्या नोंदवहीत या आजाराचं नाव राणीखेत. कोंबडी मान पिळवटते, जागच्या जागी गोल फिरते, हिरवट हगते आणि चार-सहा दिवसांत खुराडं रिकामं होतं. हाच शब्द शंभर वर्षांपूर्वी माणसांच्या आजारासाठीही वापरला गेला. १९१८ साली इन्फ्लुएन्झाची साथ मुंबईतून आत शिरली आणि पावसाळा संपता संपता गावोगाव पोचली. त्या वर्षी पावसानंही दगा दिला होता. आधीच अंगात त्राण नसलेली माणसं काही दिवसांच्या तापानं गेली. देशभरातल्या मृतांची संख्या एक कोटीच्या वर गेली. त्या तापालाही लोकांनी मानमोडीच म्हटलं.

राणीखेतचा विषाणू आणि इन्फ्लुएन्झाचा विषाणू वेगवेगळ्या कुळांतले आहेत. लोकांनी मात्र दोघांना एकच नाव दिलं. पुढे प्रयोगशाळेत कळलं की या दोन विषाणूंत एक खरं साम्यही आहे. दोघांच्याही पृष्ठभागावर असं प्रथिन आहे, जे पेशीच्या अंगावरची एकच वस्तू पकडतं. ती वस्तू म्हणजे सियालिक आम्ल, एक प्रकारची साखर. हे प्रकरण इन्फ्लुएन्झाच्या, त्यातही बर्ड फ्लूच्या विषाणूवरच्या त्या प्रथिनाबद्दल आहे. त्याचं नाव हिमॅग्लुटिनिन. नाव जड आहे, पण अर्थ साधा आहे: रक्ताच्या पेशींना एकमेकींशी चिकटवणारं.

हे प्रथिन डोळ्यांना दिसत नाही, त्याची पकड मात्र दिसते. मी ती पहिल्यांदा पाहिली एका पशुवैद्यकीय प्रयोगशाळेत. टेबलावर तळहाताएवढी पारदर्शक प्लॅस्टिकची थाळी होती आणि तिच्यात शहाण्णव खळगे होते, प्रत्येकाचा तळ निमुळता. एका कोंबडीच्या पंखाखालच्या शिरेतून घेतलेलं रक्त मिठाच्या पाण्यात धुऊन पातळ केलेलं होतं, पाणी जास्त झालेल्या कोकम सरबतासारखं. खळग्यांच्या रांगेत डावीकडून उजवीकडे विषाणूचं द्रावण दर खेपेला निम्मं करत नेलं, प्रत्येकात ते रक्त थेंब थेंब सोडलं आणि अर्धा तास थाळीला कुणी हात लावला नाही.

अर्ध्या तासानं थाळी वर धरली. उजवीकडच्या खळग्यांत विषाणू नावापुरताही उरलेला नव्हता. तिथं लाल पेशी घरंगळत तळाशी जमल्या होत्या आणि कुंकवाची बारीक टिकली लावावी तसा ठिपका झाला होता. थाळी तिरकी केली की त्या टिकलीला ओघळ फुटत होता. डावीकडच्या खळग्यांत टिकली नव्हतीच. तिथं पेशी एकमेकींच्या हातात हात घालून बसल्या होत्या आणि सगळ्या खळग्यावर फिकट गुलाबी पदर पसरला होता. थाळी कितीही कलंडवली तरी तो हलला नाही. दोन पेशींच्या मध्ये विषाणू, त्याच्या एका अंगाचे काटे एका पेशीत, दुसऱ्या अंगाचे दुसरीत. लाखो पेशी अशा जोडल्या गेल्या की जाळं तयार होतं आणि जाळं घरंगळत नाही.

१९४१ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेच्या प्रयोगशाळेत जॉर्ज हर्स्ट कोंबडीच्या गर्भार अंड्यांत इन्फ्लुएन्झाचा विषाणू वाढवत होते. अंड्यातलं पाणी काढताना एखादी रक्तवाहिनी फुटून त्यात रक्त मिसळलं की त्या रक्ताच्या गुठळ्या होतात, हे त्यांच्या लक्षात आलं. दुसऱ्या एखाद्यानं नमुना बिघडला म्हणून फेकून दिला असता. त्याच वर्षी कॅनडात मॅक्लेलंड आणि हेअर यांनाही हेच दिसलं. तेव्हापासून आजतागायत पक्ष्यांच्या आजाराची प्रयोगशाळा या टिकलीवर आणि पदरावर उभी आहे. रक्त चिकटलं एवढ्यावरून मात्र बर्ड फ्लू म्हणता येत नाही, कारण राणीखेतही रक्त चिकटवतो. मग एच५ विरुद्धची प्रतिपिंडं असलेलं रक्तद्रव आधी मिसळून पाहतात. त्यानं काट्यांची तोंडं झाकली गेली आणि पेशी पुन्हा टिकली होऊन बसल्या, तर तो एच५. आज याच्या जोडीला आरटी-पीसीआर असते. करोनानंतर हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. महाराष्ट्रातल्या एखाद्या शेडमध्ये संशयास्पद मर आली की नमुने पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे आणि तिथून भोपाळच्या अतिसुरक्षित पशुरोग प्रयोगशाळेत जातात. अंतिम शब्द भोपाळचा.

आता त्या काट्याकडे जवळून पाहू.

बाभळीचं फूल आठवा. पिवळा गोल चेंडू आणि त्याच्या सगळ्या अंगातून बाहेर आलेले बारीक तंतू. इन्फ्लुएन्झाचा विषाणू साधारण तसाच दिसतो, फक्त असे दहा हजार विषाणू एका रांगेत मांडले तर जेमतेम एक मिलिमीटर भरेल. त्याच्या अंगावर तीन-चारशे काटे असतात आणि त्यांतले बहुतेक हिमॅग्लुटिनिनचे. एका काट्याची उंची साडेतेरा नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यांतले साडेतेरा.

इतक्या लहान वस्तूचा आकार कसा कळला? १९८१ मध्ये इयन विल्सन, जॉन स्केहल आणि डॉन वायली यांनी तो जगापुढे ठेवला. विषाणू १९६८ च्या हाँगकाँग फ्लूच्या वंशातला होता. विषाणूच्या अंगावरून काटे मुळापाशी छाटायला ब्रोमेलेन वापरलं होतं. अननस जास्त खाल्ला की जीभ चरचरते, त्यात अननसातल्या या ब्रोमेलेनचा हात असतो, कारण ते प्रथिनं कापतं. छाटलेल्या काट्यांचे स्फटिक बनवले, त्यांतून क्ष-किरण सोडले आणि ते कसे विखुरतात ते मोजून प्रत्येक अणूची जागा ठरवली. इन्फ्लुएन्झाच्या बाबतीत यापेक्षा महत्त्वाचं चित्र गेल्या शतकात काढलं गेलं नाही, असं माझं मत आहे.

त्या चित्रात दिसली तिपेडी वेणी. एकसारखे तीन पेड, प्रत्येक पेड साधारण साडेपाचशे अमिनो आम्लांच्या माळेचा. खालच्या अर्ध्या भागात हे तीन पेड एकमेकांभोवती पीळ घेत दोरासारखा ताठ दांडा करतात. वर प्रत्येक पेडाला गोलसर डोकं फुटतं. तीन डोकी एकमेकांना टेकून असतात आणि प्रत्येक डोक्याच्या माथ्यावर एक उथळ खळगा असतो. सियालिक आम्ल येऊन बसतं ते या खळग्यात. आपलं शरीर प्रतिपिंडं बनवतं ती मुख्यतः डोक्यावर नेम धरून, म्हणून विषाणू डोक्याचा पृष्ठभाग दरवर्षी थोडा थोडा बदलतो आणि फ्लूची लस दरवर्षी नवी करावी लागते. खळग्याचा तळ मात्र त्याला सहजासहजी बदलता येत नाही. तो बदलला तर पकडच जाईल.

एका खळग्याची पकड फार कमकुवत असते. सगळी ताकद संख्येत आहे. नगरकडच्या माळावरून सप्टेंबर-ऑक्टोबरात चालून आलेल्या माणसाला हे सांगावं लागणार नाही. गवताचं एक कुसळ धोतराला लागलं तर झटकून टाकता येतं. शेकडो लागली की धोतर बदलण्याशिवाय इलाज नसतो. विषाणू पेशीला असाच लागतो, एकेक काटा सुटत, पुन्हा धरत, पण सगळे एकदम कधीच सुटत नाहीत.

पेशीला वाटतं काहीतरी उपयोगाचं आलं आहे. ती आपल्या कातडीची खोबण करून त्याला आत घेते आणि पिशवीत बंद करते. पिशवीत घेतलेला माल पचवण्यासाठी पेशी त्यात आम्ल सोडू लागते. विषाणू ह्याचीच वाट पाहत असतो. आम्लाचा स्पर्श झाला की काट्याची तीन डोकी एकमेकांपासून दूर होतात आणि वेणीच्या आत दुमडून ठेवलेला भाग कळ दाबल्यावर छत्री उघडावी तसा झटक्यात सरळ होतो. त्याच्या टोकाला पाण्याचा तिटकारा आणि चरबीची ओढ असलेला एक तुकडा असतो. तो सुमारे दहा नॅनोमीटर वर फेकला जातो आणि पिशवीच्या भिंतीत रुततो. आता काट्याचं एक टोक विषाणूच्या आवरणात आणि दुसरं पेशीच्या भिंतीत. मग तो मधोमध घडी घालून दोन्ही भिंती जवळ ओढतो. शेजारच्या काट्यांचंही तेच चाललेलं असतं. दोन भिंती मिळून एक होतात, भोक पडतं आणि विषाणूच्या आठ तुकड्यांतला जनुकीय मजकूर पेशीत उतरतो. पचवायला सोडलेलं आम्लच दार उघडतं.

पण ही छत्री कारखान्यातून येते तेव्हा तिच्या कळीला कुलूप असतं. पेशीत हिमॅग्लुटिनिन तयार होतं ते एका अखंड माळेच्या रूपात. अशा अखंड काट्याला सियालिक आम्ल धरता येतं, आम्लही त्याच्यावर पडतं, पण काहीच उघडत नाही. माळ एका ठरावीक जागी कापली गेली तरच तो चरबीच्या ओढीचा तुकडा मोकळा होतो. विषाणूजवळ स्वतःची कात्री नसते. ज्याच्या शरीरात तो शिरला आहे, त्याच्याच विकरानं हा काप द्यावा लागतो. बर्ड फ्लूची एखादी जात सौम्य की संहारक, हे मुख्यतः या कापाच्या जागेवर ठरतं.

गेल्या हिवाळ्यात मी नाथसागराच्या नगरकडच्या काठावर, शेवगाव तालुक्यात गेलो होतो. जायकवाडी धरणाचं हे पाणी म्हणजे जाहीर झालेलं पक्षी अभयारण्य आहे. पाणी मागे सरलं होतं, चिखलावर बदकांचे थवे बसले होते आणि काठचे खडक त्यांच्या विष्ठेनं पांढरे झाले होते. रानबदकांच्या आतड्यांत इन्फ्लुएन्झाचे विषाणू पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. किमान सोळा प्रकारची हिमॅग्लुटिनिनं पक्ष्यांत सापडली आहेत. बहुतेक वेळा बदकाला त्यांचा काही त्रास होत नाही, कारण या जुन्या सौम्य विषाणूंच्या कापाच्या जागी एकटंच आर्जिनिन नावाचं अमिनो आम्ल असतं. तिथं कात्री चालवणारं ट्रिप्सिनसारखं विकर मिळतं ते आतड्यात आणि श्वासनलिकेत. काळजात, मेंदूत, रक्तवाहिन्यांत ते नसतं. म्हणून विषाणू आतड्याबाहेर फारसा जात नाही आणि विष्ठेबरोबर पाण्यात उतरतो.

आता संहारक जातीकडे, म्हणजे नवापूरकडे येऊ. नंदुरबार जिल्ह्यातलं, गुजरातच्या वेशीवरचं हे गाव तेव्हा पोल्ट्रीनं गजबजलेलं होतं. १८ फेब्रुवारी २००६ रोजी तिथल्या कोंबड्यांत एच५एन१ असल्याचं जाहीर झालं. भारतातला हा पहिला उद्रेक. पांढरे अंगरखे घातलेली माणसं पोत्यांत कोंबड्या भरून खड्ड्यांत पुरताहेत, ही छायाचित्रं तेव्हा प्रत्येक मराठी वर्तमानपत्रात होती. पाठोपाठ मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यात तेच झालं. जगाच्या विषाणूंच्या यादीत नवापूरचं नाव कायमचं लिहिलं गेलं.

त्या विषाणूच्या कापाच्या जागेवर लागोपाठ सहा अक्षरं होती: आर्जिनिन, आर्जिनिन, आर्जिनिन, लायसिन, लायसिन, आर्जिनिन. अशी रांग ओळखून कापणारं फ्युरिन नावाचं विकर शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असतं. म्हणजे कुलूप उघडायला विषाणूला आता आतड्याची किंवा श्वासनलिकेची गरज उरली नाही. तो ज्या पेशीत शिरेल तिथून सज्ज होऊनच बाहेर पडतो. सकाळी दाणे टिपणारी कोंबडी संध्याकाळी मरून पडते. तुरा आणि चोचीखालचा लोंबता भाग निळा-काळा पडतो, पायांवर रक्त साकळल्याचे डाग दिसतात, कारण विषाणूनं रक्तवाहिन्यांचं अस्तरच फाडलेलं असतं. साडेपाचशे अमिनो आम्लांच्या माळेत ती जास्तीची अक्षरं नसती, तर नवापूरचे खड्डे खणावे लागले नसते.

ही रांग येते कुठून? हिमॅग्लुटिनिनच्या सगळ्या प्रकारांपैकी फक्त एच५ आणि एच७ यांनाच ती लाभते, आणि ती रानबदकांत नव्हे, तर कोंबड्यांत शिरल्यावर. १९८३ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात एच५एन२ चा सौम्य विषाणू कोंबड्यांत काही महिने फिरत राहिला आणि मग संहारक झाला. जवळपास पावणेदोन कोटी पक्षी गेले. एका छपराखाली हजारो एकवयीन, एकवंशी पक्षी असले की विषाणूला हवे तेवढे प्रयत्न करून पाहता येतात. आजच्या एच५एन१ चा मूळपुरुष १९९६ मध्ये चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातल्या एका पाळीव हंसात सापडला. २००५ मध्ये छिंगहाय सरोवरावर हजारो रानपक्षी मेले आणि त्यांत पट्टकादंब फार होते. हिमालय ओलांडून भारतात हिवाळा काढायला येणारा हा पक्षी. नवापूरचा विषाणू याच छिंगहायच्या शाखेतला. म्हणून पाहुण्या पक्ष्यांवर बोट ठेवणं सोपं जातं. पण पट्टकादंबालाही हे कुलूपतोडं हत्यार दिलं कोंबड्या-हंसांच्या पाळीव गर्दीनं, हे विसरून त्याला गुन्हेगार ठरवणं मला पटत नाही. आणि एकदा रोग गावात आला की पुढचा प्रवास पंखांनी होत नाही. अंड्यांचे ट्रे, पिंजऱ्यांचे टेम्पो, पायातल्या चपला, तूस भरलेली पोती यांनी तो होतो.

जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंबा गावात आठशेच्या आसपास कोंबड्या मेल्या आणि भोपाळहून बर्ड फ्लूचा निकाल आला. त्या लाटेत राज्यातल्या एकेका जिल्ह्याचं नाव यादीत येत गेलं आणि नगरचंही आलं. त्या महिन्यात मी संगमनेर भागातल्या करार पद्धतीनं पोल्ट्री करणाऱ्या लोकांशी बोललो होतो. त्यांना भीती कोंबड्या मरण्याची होती, तितकीच बाजार मरण्याचीही होती. चिकन घेणारं गिऱ्हाईक अफवेनं पळतं आणि बॅच तयार असून उचल होत नाही. खाद्य मात्र रोज लागतं.

खरं तर त्या अफवेचं उत्तर प्रत्येक स्वयंपाकघरात आहे. अंडं उकडलं की पांढरा पातळ बलक घट्ट होतो. उष्णतेनं प्रथिनाच्या घड्या उसवतात, माळा एकमेकींत गुंततात आणि गार केलं तरी पुन्हा पहिल्यासारख्या होत नाहीत. तिपेडी वेणीचंही हेच होतं. आतपर्यंत सत्तर अंशांना शिजलेल्या रश्श्यात तिला ना खळगा राहतो, ना कळ. आपल्याकडे चिकन रटरट शिजवूनच खातात. धोका ताटात नसतो. जिवंत किंवा मेलेली आजारी कोंबडी हाताळणाऱ्या, पिसं काढणाऱ्या, शेड झाडणाऱ्या माणसाला तो असतो.

माणसाला असलेला हा धोका नेमका किती, हे पुन्हा त्या माथ्यावरच्या खळग्याकडे घेऊन जातं. सियालिक आम्ल पेशीवर एकटं नसतं. ते शेजारच्या साखरेला जोडलेलं असतं आणि त्या जोडाच्या दोन तऱ्हा आहेत. पक्ष्यांच्या आतड्यात जोड असा असतो की साखळी सरळ काठीसारखी उभी राहते. माणसाच्या नाकात, घशात, मोठ्या श्वासनलिकेत जोड दुसरा असतो आणि साखळी विळ्यासारखी वाकते. बर्ड फ्लूचा खळगा काठी धरण्यासाठी घडलेला आहे. विळा त्यात नीट बसत नाही. म्हणून शेडमध्ये वर्षानुवर्षं राबणाऱ्या हजारो माणसांना हा आजार होत नाही.

माणसाच्या फुप्फुसात अगदी तळाशी, वायुकोशांत, मात्र पक्ष्यांसारख्या काठ्या आहेत. विषाणू तिथवर भरपूर संख्येनं पोचला तर पकडतो. आजार मग भयंकर होतो, पण इतक्या खोलवरून तो खोकल्याशिंकेतून दुसऱ्याकडे सहज जात नाही. १९९७ मध्ये हाँगकाँगला अठरा जणांना झाला, सहा दगावले. २००३ पासून जगभरात नऊशेहून अधिक रुग्णांची नोंद आहे आणि त्यांतले जवळजवळ निम्मे गेले. भारतात २०२१ मध्ये हरियाणातला एक लहान मुलगा दिल्लीच्या एम्समध्ये एच५एन१ नं दगावला. आपल्या मेळघाटात २०१९ मध्ये दीड वर्षाच्या एका बाळाच्या नमुन्यात एच९एन२ ही पक्ष्यांचीच दुसरी, सौम्य जात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला सापडली.

खळगा विळ्याला साजेसा व्हायला किती बदल लागतात? डोक्याच्या माळेतलं २२६ वं स्थान यात कळीचं आहे. पक्ष्यांच्या विषाणूत तिथं ग्लुटामिन असतं. १९५७ आणि १९६८ च्या जागतिक साथींच्या विषाणूंत तिथं ल्युसिन आलेलं होतं. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या स्क्रिप्स संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की अमेरिकेत फिरणाऱ्या एच५एन१ च्या हिमॅग्लुटिनिनमध्ये एवढा एक बदल केला तरी खळगा काठी सोडून विळा धरू लागतो. हे काम त्यांनी सुट्या प्रथिनावर केलं, जिवंत विषाणूवर नाही. त्या चमूत १९८१ चं चित्र काढणारे इयन विल्सनही होते. एका माणसाचं आयुष्य एका काट्याला वाहिलेलं असू शकतं, आणि ते सत्कारणी लागलं असं मला मनापासून वाटतं.

मात्र खळगा बदलला म्हणजे साथ आलीच, असंही नाही. २०१२ मध्ये नेदरलँड्समध्ये रॉन फूशिए आणि अमेरिकेत योशिहिरो कावाओका यांच्या गटांनी फेरेट या मुंगसासारख्या प्राण्यात एच५ चा विषाणू हवेतून पसरेल असा बनवून पाहिला. तेव्हा दिसलं की खळग्याबरोबर कळही बदलावी लागते. पक्ष्यांतल्या काट्याची कळ हलकी असते, थोड्याशा आम्लानंही ती उघडते. माणसाच्या नाकातला ओलावा किंचित आम्लधर्मी आहे. छत्री तिथंच, पेशीबाहेरच, उघडली तर वाया गेली. हवेतून टिकून जायचं तर कळ घट्ट हवी. म्हणजे पकड बदलायची आणि कळही घट्ट करायची, ही दोन्ही कामं त्याच वेणीनं आपला तोल न सोडता करायची. जगभरचे शास्त्रज्ञ नव्या नमुन्यांत आधी हेच दोन भाग तपासतात, त्याचं कारण हे.

काट्यांच्या गर्दीत आणखी एक प्रथिन असतं, न्युरामिनिडेज. एच५एन१ मधलं ‘एन’ हेच. हिमॅग्लुटिनिन धरतं आणि न्युरामिनिडेज सियालिक आम्ल कापून नव्या विषाणूंना सोडवतं. टॅमिफ्लू हे औषध त्या कात्रीच्या पात्यात जाऊन बसतं.

नगर जिल्ह्याला एक गोष्ट फार जवळची आहे. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत दुभत्या गाईंत एच५एन१ सापडला. गाईच्या कासेत दूध तयार करणाऱ्या पेशींवर पक्ष्यांसारख्या काठ्या भरपूर आहेत. विषाणू तिथं वाढला, दूध घट्ट आणि पिवळसर आलं, आणि ते कच्चं दूध प्यायलेल्या गोठ्यावरच्या मांजरी मेल्या. दूध पाश्चराइझ केलं की विषाणू मरतो, उकळल्यावर तर प्रश्नच नाही. पण ज्या जिल्ह्यात पहाटेचा दिवस डेअरीच्या कॅनपासून सुरू होतो, जिथं गोठा, खुराडं आणि घर एकाच अंगणात असतं, तिथल्या पशुवैद्यकानं कासेच्या आजाराकडे आता या नजरेनंही पाहायला हवं. आपल्याकडचे इशारेही ताजे आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या एच५एन१ नं मेले. पुढच्याच महिन्यात उदगीरला कावळे पडले आणि उरणजवळ चिरनेरला कोंबड्या.

काटा ज्या आवरणात रोवलेला असतो ते आवरण विषाणूचं स्वतःचं नसतं. बाहेर पडताना त्यानं पेशीच्या चरबीच्या भिंतीतून फाडून घेतलेला तो तुकडा असतो, आणि साबणानं चरबी विरघळते. आवरण गेलं की काटे सुटून पडतात. म्हणून शेडच्या दाराशी साबणाचं पाणी, औषधाचा टब, चुन्याचा पट्टा.

नाथसागराहून परतताना दुसऱ्या दिवशी सकाळी मी संगमनेर तालुक्यातल्या एका वस्तीवर थांबलो होतो. तिथल्या बाईंची पाच हजार पक्ष्यांची शेड होती आणि अंगणात दहा-बारा गावरान कोंबड्या वेगळ्या. दाराशी टब होता आणि टबाशेजारी चपलांचे दोन जोड, एक अंगणातला, एक शेडमधला. मी नव्या बॅचबद्दल विचारत टबापर्यंत पोचलो. बाई माझ्या पायांकडे पाहत होत्या.

‘दादा, काल कुठं होता तुम्ही?’

मी सांगितलं. नाथसागर, शेवगावची बाजू, बदकं बघत काठानं चाललो होतो.

‘याच चपला?’

याच होत्या. तळाच्या खाचांत तिथला चिखल अजून वाळून बसलेला होता.

बाईंनी दाराची कडी काढली नाही. मला शेडच्या लांबच्या अंगाला नेलं, दहा-बारा फुटांवर उभं केलं आणि तिथूनच, जाळीपलीकडे तुसावर पसरलेले पांढरे पक्षी दाखवले. ‘लासोटा परवाच दिली,’ त्या म्हणाल्या, ‘राणीखेतची. याची काही लस नाही मिळत आपल्याला.’ मग आत जाऊन त्यांनी साबणाच्या पाण्याची बादली आणली आणि माझ्या पायांपुढे ठेवली.